पैसे होते, पौंड नव्हते

मंगळवारी दुपारी डॉक्टरांनी सांगितलं की पास्कलची मूत्रपिंडं काम करत नाहीत. आम्ही दवाखान्यातून बाहेर पडलो. पास्कलने विचारलं, "उद्याची रजा टाकलीस का?" मी म्हटलं, नाही. मग आम्ही घरी आलो.

त्या दिवसाबद्दल याहून जास्त मला लिहिता येत नाही. पुष्कळदा प्रयत्न केला.

पास्कल माझा नवरा. राजोडीच्या अलीकडे आमचं गाव. आम्ही दोघंही जवळच्या शाळेत शिक्षक. तो गणित शिकवायचा, मी मराठी. आमच्या गावच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. पण लग्नाआधीपासून शिक्षकांच्या खोलीत मी त्याला नावाने हाक मारत आले होते आणि लग्नानंतर जीभ काही वळली नाही. सासूबाईंना ते आवडायचं नाही. आता ते नाव घ्यायला मी एकटीच उरले आहे, तेव्हा घेते.

लिहायचं कारण असं, की हल्ली या आजाराची माणसं आसपास निघतात आणि त्यांच्या घरचे माझ्याकडे येतात. परवा अर्नाळ्याहून एक जोडपं आलं होतं. ओट्यावर बसतात, चहा घेतात आणि शेवटी विचारतात, "बाई, परदेशी नेऊ का?" मी काय सांगायचं ते सांगू लागते, पण मध्येच माझा आवाज चढतो आणि समोरचा बिचारा कप खाली ठेवतो. म्हणून लिहून काढते आहे. कागदावर आवाज चढला तरी कुणी घाबरत नाही.

दुसरंही कारण आहे. गावात म्हणतात, पैसे नव्हते म्हणून पास्कल मास्तर गेला. पैसे होते. ते कुठे गेले हे मी लिहिणार आहे.

*

आधी पथ्याचं सांगते, कारण येणारे सगळे पहिल्यांदा तेच विचारतात.

मूत्रपिंडं गेली की माणसाला दिवसभरात एवढंसं पाणी. मीठ नाही, डाळ मोजून. आणि ज्या दोन गोष्टींवर आमची वसई जगते त्या दोन्ही बंद: केळं आणि शहाळं. डॉक्टर म्हणाले, त्यांतला क्षार याच्या रक्तातून बाहेर पडणार नाही, हृदय थांबवेल. आमच्या मागच्या दारी राजेळी केळीचे घड लटकत होते. पास्कल ओट्यावर बसून त्यांच्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "बघ, विषाची बाग."

पण हे गावाला कोण समजावणार? आजारी माणसाकडे रिकाम्या हाताने जायचं नाही. रोज कुणी ना कुणी शहाळी घेऊन यायचं. "थंड असतं मास्तर, लघवीला चांगलं." मी नको म्हटलं की माझ्याकडे अशा नजरेने बघायचे, जणू मी नवऱ्याच्या तोंडचं पाणी काढून घेते आहे. एकदा शाळेतून आले तर सासूबाई त्याला वाटीने शहाळ्याचं पाणी पाजत होत्या. मी वाटी हिसकावली. त्या रडल्या. "माझ्या पोराला मी विख देईन का गो?" मी म्हटलं, "हो, हेच विष आहे." त्यानंतर कित्येक दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. खरं तर मीही चांगल्या शब्दांत सांगायला हवं होतं. पण त्या वर्षी माझ्याकडे चांगले शब्द शिल्लक नव्हते.

तेव्हा पहिली गोष्ट ही: आजाऱ्याच्या घरी काहीही नेऊ नका. जायचं तर जा आणि बसा.

*

मुंबईच्या इस्पितळात रक्त शुद्ध करायची मशीनं मोजकी आणि रांग मोठी. आठवड्यातून दोनदा आम्ही पहाटेच निघायचो. हाताच्या मनगटापाशी शस्त्रक्रिया करून शीर जोडतात. तिच्यावर बोट ठेवलं की आत भुंगा गुणगुणल्यासारखं लागतं. पास्कल वर्गातल्या मुलांना तिच्यावर हात ठेवू द्यायचा. "मोजा, मिनिटाला किती?" तोवर तो शाळेत जात होता.

डॉक्टर म्हणाले, मशीनवर किती दिवस काढणार? घरातल्या कुणाचं मूत्रपिंड जुळतं का बघा. सासूबाईंना मधुमेह. माझं रक्त जुळत नव्हतं. उरली पास्कलची धाकटी बहीण, सिसिलिया. ती नर्स होऊन इंग्लंडला गेलेली, तिथेच लग्न होऊन स्थिरावलेली, दोन मुलांची आई. तिने तिथल्या तिथे रक्त तपासून घेतलं आणि ट्रंककॉल केला. "दादाला सांग, जुळतंय. पेढे वाट."

पण ती इकडे येऊ शकत नव्हती. शस्त्रक्रियेनंतर तिला काही महिने जड उचलायचं नव्हतं. तिथे ती असली तर इस्पितळ तिला पगारी रजा देणार होतं, इकडे आली तर नोकरी गेली. आणि तिचा नवरा रेजी फोनवर मला म्हणाला, "मी माझ्या बायकोला चिरायला इंडियात पाठवणार नाही. तुम्ही या. माझ्या घरी राहा." मला त्याचा राग आला. नंतर विचार केला, माझी बहीण असती तर मी काय म्हटलं असतं?

तेव्हा आम्हीच जायचं ठरलं. पास्कलच्या वाट्याची उमेळ्याची वाडी होती, स्टेशनला जवळ. बिल्डर तेव्हा तिकडे फिरायला लागलेच होते. वाडी विकली. तिकिटं, इस्पितळ, औषधं, सगळं धरून पुरतील एवढे रुपये हातात आले. मी त्या रात्री बऱ्याच दिवसांनी एक कादंबरी उघडली आणि दोन प्रकरणं सलग वाचली, इतकी मी निर्धास्त झाले होते.

*

ज्यांना तो काळ आठवत नाही त्यांच्यासाठी सांगते. तुमच्याकडे पेटीभर रुपये असले तरी परदेशात ते कागद होते. पौंड हवे तर सरकारची परवानगी, आणि परवानगीसाठी डॉक्टरांच्या मंडळाचा दाखला, की हा उपचार आपल्या देशात होत नाही.

मंडळासमोर पास्कलला खुर्चीसुद्धा दिली नाही. मीच बाहेरून एक ओढत आणली. मंडळातले एक डॉक्टर म्हणाले, "ही शस्त्रक्रिया इथेही होते."

मी म्हटलं, "होते. पण मूत्रपिंड देणारी तिथे आहे."

"मग तिला बोलवा."

"ती येऊ शकत नाही."

"ती अडचण वैद्यकीय नाही," ते म्हणाले, आणि पुढचा कागद ओढला.

नंतर कितीतरी खेपा. विमान कंपनीला दाखला हवा होता की हा माणूस प्रवास करण्याइतका धडधाकट आहे. सरकारला दाखला हवा होता की हा इतका आजारी आहे की देशात त्याचा इलाज नाही. एकाच आठवड्यात एकाच डॉक्टरांकडून मी दोन्ही लिहून घेतले. पास्कलने दोन्ही शेजारी ठेवून वाचले आणि म्हणाला, "यातला मी कुठला?"

परकीय चलनाच्या कचेरीत एक कारकून होता, पान खाणारा. आमची हकिगत ऐकून तो शेजारच्याला म्हणाला, "अरे ऐक, यांची किडनी फॉरेनला हाय. बाई, मागवून घ्या ना इकडं! इम्पोर्ट लायसन काढा!" दोघं हसले. पास्कलही हसला. तो का हसला हे मी त्याला विचारलं नाही. मी तिथे त्या टेबलावर हात आपटून ओरडले असते तर आमचा कागद खालच्या ढिगात गेला असता. मी पण ओठ ताणले. आयुष्यात ज्या ज्या वेळी हसले त्यांतलं ते एक हसणं मला परत घ्यावंसं वाटतं.

शेवटी परवानगी मिळाली, पण अर्धीमुर्धी. तपासण्या आणि काही आठवड्यांचं मशीन निघेल एवढे पौंड. शस्त्रक्रियेची अनामत त्यात बसत नव्हती. आणि विमा म्हणाल, तर सिसिलियाने तिथे चौकशी केली होती. जुना आजार घेऊन येणाऱ्याला कुठलीच कंपनी दारात उभं करत नाही.

*

इथे इनास काका आले.

इनास काका आमच्या नात्यातले नाहीत, पण गावात सगळे त्यांना काकाच म्हणतात. त्यांचा मुलगा मार्शल कुवेतला होता. पूर्वी त्यांचं घर कुडाचं होतं. मार्शल गेल्यावर तिथे बंगला उभा राहिला: मोझेकच्या लाद्या, खिडक्यांना रंगीत काचा, गेटवर दोन लोखंडी घोडे. वरच्या मजल्याच्या सळ्या तेवढ्या आभाळात उभ्या होत्या. आमच्याकडे कुणाचं कसं चाललं आहे हे माणसाला विचारत नाहीत. घराकडे बघून ठरवतात. त्या घोड्यांकडे बघून सगळ्या गावाने ठरवलं होतं की मार्शल कुवेतमध्ये साहेब आहे.

काका संध्याकाळी आले, टोपी काढून बसले.

"मास्तर, अडतंय कुठं?"

पास्कलने सांगितलं.

"यवढंच? अरे माझा मार्शल तिकडून पाठवल की! तो दिनार टाकल, तिकडं पौंड पोचतील. तू इकडं मला रुपय दे. घरातली गोष्ट हाय."

हे कायद्याने चूक होतं. आम्हाला ठाऊक होतं. गावातल्या निम्म्या घरांत हेच चालायचं, हेही ठाऊक होतं.

मी विचारलं, "काका, मार्शलला विचारलंत का?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पास्कलला म्हणाले, "मास्तर, तुमची बाई शिकलेली हाय म्हनून बोलतो. माझ्या पोराला मी इचारू? मी सांगतो, तो करतो. आमच्यात अजून तशी पद्धत हाय."

सासूबाई आतून म्हणाल्या, "काका सांगतात तर पुरे गो. मोठ्या माणसाचा शब्द हाय."

मोठ्या माणसाच्या शब्दावर दुसऱ्यांदा विचारायचं नसतं. विचारलं तर त्याचा अपमान. मार्शलला थेट पत्र घातलं असतं तर काकांचा जन्माचा अपमान झाला असता. आम्ही अपमान केला नाही. तिकिटं आणि परवानगीचे पौंड वजा जाता वाडीचे उरलेले पैसे पिशवीत घालून पास्कल स्वतः त्यांच्याकडे देऊन आला.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी हे दोनदा सांगते. पैसे ज्याच्या हातून यायचे आहेत त्याच्या तोंडून ऐका. त्याच्या बापाच्या नाही, भावाच्या नाही. अपमान होऊ द्या.

*

निघायच्या आदल्या संध्याकाळी गावाने क्रुसापाशी लदीन म्हटली. आखाताला कुणी निघालं की आमच्याकडे तशी प्रार्थना करतात, उकडलेले चणे वाटतात, हार घालतात. पास्कलला घातलेल्या हारांनी त्याची मान खाली गेली. त्याचे पाय सुजले होते आणि चपला बसत नव्हत्या, म्हणून तो अनवाणी उभा होता. इनास काकांनी भाषण केलं. "आपला मास्तर लंडनवरून नवा होऊन येनार. काय लागलं तर माझा मार्शल हाय!" टाळ्या पडल्या. एक बाई मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "येताना एक सेंट आन गो, चांगलं." मी हो म्हटलं.

*

इंग्लंडचं मी फारसं बघितलं नाही. सिसिलियाचं घर, बस, इस्पितळ. आकाश सदा धुतल्या पाटीसारखं.

वॉर्डात सगळं वेळेवर आणि स्वच्छ. पास्कलला सगळ्यात जास्त त्रास तहानेचा होता. एक नर्स होती, तिचं नाव मला कधी नीट म्हणता आलं नाही. ती त्याला बर्फाचे बारके तुकडे द्यायची, एक एक, चघळायला. माझी वेळ संपली तरी पडदा ओढून मला आत राहू द्यायची. एवढ्या परक्या देशातल्या त्या बाईचं देव भलं करो.

सिसिलिया आपली ड्यूटी संपवून यायची, भावाच्या पायाशी बसायची आणि आमच्या घरच्या बोलीत त्याला चिडवायची. "दादा, माझी किडनी घेतलीस तर तुला माझ्यासारखं स्वयंपाकातलं पण सगळं येईल हां. वहिनीचं काम वाचलं." तो म्हणायचा, "आणि गणित?" "ते तुझ्याचकडे ठेव. मला नको."

पण बाकीचे पौंड येत नव्हते.

हिशेब खात्यात एक बाई होत्या, चष्म्याला साखळी लावलेल्या. त्या दर वेळी आधी "सॉरी" म्हणायच्या. अनामत भरल्याशिवाय शस्त्रक्रियेची तारीख देता येत नाही, सॉरी. तोवर मशीन चालूच राहील, अर्थात, पण त्याचे पैसे प्रत्येक वेळी, सॉरी. आमच्या कारकुनाने मला हसत उडवून लावलं होतं. या बाई इतक्या नम्र होत्या की उठून दाराबाहेर आल्यावर मला कळायचं, आपल्याला बाहेर काढलं आहे. मी त्यांना एकदा म्हटलं, "माझी नणंद तुमच्याच देशाच्या इस्पितळात रात्रपाळ्या करते, कर भरते. ती आजारी पडली तर तुम्ही एक पैसा घेणार नाही. ती स्वतःच्या शरीरातला तुकडा द्यायला तयार आहे आणि त्याचे पैसे तुम्ही मला मागता?" त्यांना माझं इंग्रजी कळलं. त्यांचे डोळे ओले झाले. त्या "सॉरी" म्हणाल्या.

ज्यांना हा आजार माहीत नाही त्यांनी एवढं समजून घ्यावं. इतर दुखण्यांत माणूस थांबू शकतो. इथे थांबायलाही पैसे पडतात. शस्त्रक्रियेसाठी साठवलेले पौंड रोज जिवंत राहण्यात खर्च होत होते. जितकं जास्त जगायचं तितकी शस्त्रक्रिया लांब. पास्कल खाटेवरून छताकडे बघत म्हणाला, "मुलांना मी टाकीचं गणित घालायचो. एका नळाने भरते, दुसऱ्याने रिकामी होते. भरणारा नळच नसेल तर काय, हे कुणी विचारलं नव्हतं."

*

सिसिलियाने कुवेतमधल्या कुणाकुणाला धरून निरोप पोचवला. एका शुक्रवारी तिच्या घरी फोन वाजला. मी उचलला.

"वहिनी? मी मार्शल. कोण गेलं? बापा गेले का?"

"नाही रे. तुझे वडील बरे आहेत."

"मग? इथं सगळ्यांनी सांगितलं, अर्जंट हाय. मी घाबरलो ना."

"मार्शल, पैसे कधी पाठवतोस?"

"कसले पैसे?"

मी सांगितलं. बोलायला मिनिटाचे पैसे त्याला पडत होते, तरी त्याने सगळं ऐकून घेतलं.

"वहिनी," तो म्हणाला, "बापाने मला यातलं काय पण सांगितलं नाय. आणि सांगून काय उपयोग? मी इथं गॅरेजात गाड्या धुतो. एका खोलीत नऊ जन झोपतो आम्ही. घेतलेलं कर्जच अजून फिटत नाय."

"आणि बंगला?"

"बंगला त्याच कर्जाचा. मी सांगत होतो, बापा, खालचा पुरे. गेल्या महिन्यात लिहिलं त्यांनी, वरचा मजला चढला, लाद्या पन बसल्या. मी म्हटलं, कशातून चढला?" तो थांबला. "आता कळलं कशातून."

मी फोन ठेवला. सिसिलिया भिंतीला टेकून उभी होती. तिला ऐकू गेलंच होतं.

त्या रात्री रेजी आणि सिसिलिया खाली स्वयंपाकघरात भांडले. घर गहाण टाकून पैसे काढू, असं ती म्हणत होती. तो ओरडला, "तू किडनी देते आहेस! घर पण देऊ? उद्या किडनी चालली नाही तर माझी मुलं कुठं जातील?" मी जिन्यात उभी राहून ऐकलं. त्या माणसाचं काही चुकत नव्हतं, आणि मला त्याचा गळा धरावासा वाटत होता.

सकाळी मी पास्कलला सगळं सांगितलं. लपवता आलं असतं. मी लपवलं नाही. तो म्हणाला, "म्हणजे काकांच्या वरच्या मजल्यावर आपली उमेळ्याची वाडी आहे." आणि थोड्या वेळाने, "घरी जाऊ. इथे मशीनवर चढलो की वाटतं, सिसिलियाच्या पोरांच्या ताटातलं ओढून घेतो आहे."

सिसिलिया विमानतळावर त्याला सोडायलाच तयार नव्हती. तिने त्याचा हात धरून स्वतःच्या कमरेवर ठेवला, मागच्या बाजूला, आणि म्हणाली, "दादा, ही तुझी आहे. ठेवलीय." ती अजून तिच्यातच आहे.

*

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी मी लोखंडी घोड्यांच्या गेटातून आत गेले. काका ओट्यावर होते.

"बाय, मार्शलचं मनावर घेऊ नको. तो देनार होता. साहेबानं त्याला..."

"काका, तो गाड्या धुतो."

त्यांनी झटकन इकडे तिकडे बघितलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. मग ते म्हणाले, आणि ते मी जसंच्या तसं लिहिते आहे: "हळू बोल गो. कोन ऐकल."

घरी माझा नवरा मरत होता, आणि त्यांना भीती होती ती त्यांच्या मुलाच्या गॅरेजची. मी म्हटलं, "माझे पैसे द्या. मुंबईला मशीनचे भरायचे आहेत." ते म्हणाले, "सगळं लादीत अडकलंय बाय. देनार. शब्द हाय माझा." मी पोलिसात जाऊ शकत नव्हते. काय सांगणार होते? की मी गुन्हा करायला पैसे दिले आणि तो नीट झाला नाही?

मुंबईत मशीनवरची पास्कलची जागा दुसऱ्याला दिली गेली होती. पोटात नळी घालून रक्त शुद्ध करायची जुनी रीत त्यांनी काही दिवस केली. त्यात जंतू शिरले. पास्कल वारला.

मयताला गाव लोटलं. शाळेची मुलं ओळीने उभी होती. शवपेटी उचलायला पुढे जे चौघं आले त्यांत डावीकडे इनास काका होते. मी बघितलं. मी काही बोलले नाही. समोर फादर होते, मुलं होती, सासूबाई होत्या. कबरस्तानातून परतताना कुणीतरी मागे म्हणालं, "बिचारी. पैसे कमी पडले." काका म्हणाले, "देवाची इच्छा."

*

मार्शल पुढे पाठीचं दुखणं घेऊन परत आला. तो आता स्टेशनबाहेर रिक्षा चालवतो. आल्या आल्या माझ्याकडे आला आणि ओट्याखालीच उभा राहिला. "वहिनी, मी देईन. हळूहळू." तो देतो आहे. मी घेते. घेतल्यावर त्याला चहा करते. त्याच्यावर माझा राग नाही.

गेल्या उपवासकाळात काका खूप आजारी पडले. तेव्हा आमचे फादर माझ्याकडे आले. चांगला माणूस, पुस्तकं वाचणारा. माझ्याकडून नेतो आणि परत करतो. म्हणाले, "टीचर, इनास काकांच्या मनावर ओझं आहे. तुम्ही माफ केलं असं त्यांना जाऊन सांगा. तुम्हालाही हलकं वाटेल."

"त्यांनी कुमसार केला असेल, तुमच्यापाशी पाप कबूल केलं असेल, तर देवाने माफ केलं असेल. मला का विचारता?"

"माणसानेही करायचं असतं."

"करते," मी म्हटलं. "रविवारची मिस्सा सुटली की चर्चच्या आवारात उभं राहून त्यांनी एवढंच सांगावं. मी मास्तरांचे पैसे घेतले, मुलाला विचारलं नाही, मुलाकडे पैसे नव्हते. तीन वाक्यं. मग मी सगळ्यांसमोर माफ करते."

फादर गेले आणि दोन दिवसांनी उत्तर घेऊन आले. ते सांगताना त्यांनाच संकोच वाटत होता. काका म्हणाले होते, तेवढं सोडून काय पण मागू दे. वरचा अख्खा मजला तिच्या नावावर करतो.

मी फादरना विचारलं, "मार्शल काय म्हणतो?"

"तो म्हणतो, बापा, मीच सांगतो सगळ्यांना, मला कसली लाज? तर ते म्हणाले, मी मेल्यावर सांग."

मी मजला घेतला नाही. फादर म्हणाले, "टीचर, राग माणसाला खातो." मी म्हटलं, "खाऊ दे. काकांच्या शब्दाने पास्कलला खाल्लं, त्याहून तो मला स्वस्तात खातो आहे." ते मला शोभलं नाही, पण मी ते मागे घेतलेलं नाही.

इनास काका त्या दुखण्यातून उठले. शाळेचा रस्ता त्यांच्या घरावरून जातो. सकाळी ते ओट्यावर बसलेले असतात. ते माझ्याकडे बघतात, मी त्यांच्याकडे बघते. सासूबाई माझ्याजवळ असतात. आता त्या फारशा बोलत नाहीत. मी अजून मराठी शिकवते, आणि पास्कलच्या वर्गाला गणितासाठी दुसरे मास्तर आले आहेत. पैसे थोडे थोडे परत येत आहेत. मी माफ केलेलं नाही.